बुडबुडा, गोळी आणि मतपेटी : इंग्रजीतल्या गोल शब्दांची गोष्ट

1852 साली लंडनमध्ये एक वेगळ्याच धाटणीचा कोश निघाला. तो रचणारे पीटर मार्क रॉजे पेशाने डॉक्टर होते आणि कोश छापून आला तेव्हा त्यांचे वय 73 होते. शब्दाचा अर्थ सांगणे हा या कोशाचा हेतूच नव्हता. अर्थ मनात घोळतो आहे पण नेमका शब्द ओठांवर येत नाही, अशा माणसासाठी तो होता. म्हणून रॉजे यांनी शब्द अकारविल्हे लावले नाहीत. कल्पनांप्रमाणे 1000 गट पाडून त्यांत ते मांडले. ‘थिसॉरस’ हे त्या एका पुस्तकाचे नाव पुढे अशा साऱ्याच कोशांचे नाव होऊन बसले.

या कोशात आकारांच्या भागात गोलाईला दोन वेगळी घरे दिलेली आहेत. एका घरात वर्तुळ, कडे, चाक, अंगठी. दुसऱ्यात चेंडूसारख्या भरीव वस्तू. मराठीत पैसाही गोल आणि चेंडूही गोल; इंग्रजी मात्र ‘सर्कल’ आणि ‘स्फिअर’ यांत गल्लत होऊ देत नाही. भरीव गोलांची यादी कोशाच्या आवृत्त्यांबरोबर वाढत गेली. तिच्यात स्फिअर, ग्लोब, बॉल यांच्या पंगतीला बुलेट, पिल, पेलेट, मार्बल, मटारचा दाणा असे शब्द बसलेले दिसतात. यादी वाचताना वाटते की हे सगळे समानार्थी. प्रत्यक्षात यांतला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. प्रत्येक शब्द एकेका खऱ्याखुऱ्या वस्तूला धरून आला आहे. कुणी मठातून, कुणी रणांगणातून, कुणी मतदानाच्या दालनातून. पुष्कळदा ती वस्तू कधीच नाहीशी झाली आणि शब्द मात्र रोजच्या बोलण्यात राहिला. आपण मराठी माणसेही त्यांतले कितीतरी शब्द दिवसभर वापरतो.

सर्वांत मोठे कुटुंब पाण्याच्या बुडबुड्याचे आहे. लॅटिनमध्ये बुडबुड्याला ‘बुल्ला’ म्हणत. उकळत्या पाण्यावर बुडबुडे येतात म्हणून उकळण्याचे क्रियापद याच शब्दावरून झाले आणि त्यातूनच इंग्रजीतले ‘बॉइल’ आले. बुडबुड्याच्या आकाराची कोणतीही फुगीर वस्तू म्हणजे बुल्ला. रोमन मुलांच्या गळ्यातला ताईतसुद्धा बुल्लाच. मध्ययुगात पोपच्या आज्ञापत्राला दोरी ओवून शिशाची गोल मोहोर लावत. तिच्या एका बाजूला संत पीटर आणि संत पॉल यांचे मुखवटे, दुसऱ्या बाजूला त्या पोपचे नाव. या मोहोरेचेही नाव बुल्ला. मग मोहोरेवरून आज्ञापत्रालाच इंग्रजीत ‘बुल’ म्हणू लागले. बैलाशी या शब्दाचा काही संबंध नाही.

अशा एका आज्ञापत्राने जगाच्या वाटण्या केल्या. 1493 च्या मे महिन्यात पोप सहावे अलेक्झांडर यांनी अटलांटिक महासागरात उभी रेघ ओढून पलीकडचा नवा मुलूख स्पेनच्या पदरात टाकला. पोर्तुगालला ते मानवले नाही. पुढच्याच वर्षी तोर्देसियासच्या तहाने रेघ आणखी पश्चिमेला सरकली आणि पूर्वेचा समुद्रमार्ग पोर्तुगालच्या वाट्याला पक्का झाला. 1510 मध्ये गोवा घेणारे पोर्तुगीज याच वाटणीच्या बळावर वावरत होते. बुल्लाची आणखी दोन अपत्ये आपल्या घरातलीच आहेत. मोहोर लावलेला कागद तो ‘बिल’, मग तो संसदेतला असो की किराणा दुकानातला. इटालियनमध्ये याच शब्दाचे लहानखुरे रूप झाले, छोटा अधिकृत कागद अशा अर्थाचे, आणि तेच फ्रेंचमार्गे ‘बुलेटिन’ होऊन आकाशवाणीवर आले.

त्याच बुडबुड्यापासून फ्रेंचमध्ये ‘बूल’ म्हणजे गोळा झाला आणि इंग्रजीत गेल्यावर तो ‘बोल’ म्हणून खेळात शिरला. हिरवळीवरून लाकडी गोळे घरंगळत नेऊन ठरलेल्या खुणेजवळ पोहोचवायचे, असा हा इंग्रजांचा फार जुना आणि आवडता खेळ. 1588 साली स्पॅनिश आरमार चालून येत असताना फ्रान्सिस ड्रेक प्लिमथच्या टेकाडावर हाच खेळ खेळत होता आणि डाव पुरा केल्याशिवाय हलला नाही, अशी आख्यायिका इंग्लंडमध्ये सांगतात. क्रिकेटमधले ‘बोलिंग’ इथूनच आले. सुरुवातीला क्रिकेटचा चेंडूही खरोखर जमिनीवरून घरंगळतच टाकत. खांद्याच्या उंचीपर्यंत हात नेण्याची मुभा 1835 मध्ये मिळाली आणि डोक्यावरून हात फिरवणे 1864 मध्ये कायदेशीर ठरले. चेंडू हवेतून जाऊ लागला तरी क्रियेचे नाव घरंगळण्याचेच राहिले. चेंडू स्वतः मात्र फारसा बदलला नाही. 1774 च्या नियमांत त्याचे वजन साडेपाच ते पावणेसहा औंस ठरवले होते. आजही तेच, म्हणजे सुमारे 156 ते 163 ग्रॅम, पाळले जाते. जेवणातला ‘बोल’ म्हणजे वाडगा हा उच्चाराने सारखा असला तरी तो जुन्या जर्मानिक घराण्यातला, वेगळाच शब्द आहे.

फ्रेंच ‘बूल’चे लहान रूप ‘बुलेत’, म्हणजे छोटा गोळा. तोच इंग्रजीत ‘बुलेट’ झाला. बुलेट हे तेव्हा अक्षरशः योग्य नाव होते, कारण बंदुकीतून शिशाचा वाटोळा गोळाच उडत असे. असे गोळे साच्यात ओतले की सांध्यावर कड राहायची आणि बारीक छर्रे तर धड गोल निघतच नसत. ब्रिस्टलमधल्या विल्यम वॉट्स नावाच्या नळकारागिराने यावर काढलेली तोड मला या साऱ्या गोष्टीतली सर्वांत सुंदर वाटते. त्याने आपल्या राहत्या घरावरच उंच मनोरा चढवला. वर शिसे वितळवायचे, त्यात थोडे आर्सेनिक मिसळायचे, चाळणीतून ते खाली सोडायचे आणि तळाशी पाण्याने भरलेले पात्र ठेवायचे. पडणाऱ्या प्रत्येक थेंबाला त्याचा पृष्ठताण चोहोबाजूंनी सारखा आवळतो, कारण तेवढ्याच आकारमानात कमीत कमी पृष्ठभाग गोलाचाच असतो. खाली पोहोचेपर्यंत थेंब थिजतो आणि पाणी त्याला अलगद झेलते. 1782 मध्ये वॉट्सला याचे पेटंट मिळाले. पुढे युरोप आणि अमेरिकेत असे कितीतरी मनोरे उभे राहिले. माणसाने घडवायला जे जमेना ते नुसत्या पडण्याने साधले.

गोल शिशाची आणखी एक खूण आपल्याकडच्या बातम्यांत नेहमी असते. ‘बारा बोअरची बंदूक’ म्हणतात तेव्हा ते बारा इंच नसतात की बारा मिलिमीटरही नसतात. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यांतला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती नळी बारा बोअरची. म्हणूनच बोअरचा आकडा वाढला की नळी अरुंद होते.

गोल गोळी इतिहासजमा झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. नळीत आतून वळणदार खाचा पाडल्या की नेम अचूक लागतो हे माहीत होते, पण त्यासाठी गोळी नळीला घट्ट बसायला हवी आणि घट्ट गोळी तोंडाकडून ठासायला वेळ लागतो. क्लोद-एतिएन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने 1849 मध्ये टोकदार आणि बुडाशी पोकळ अशी गोळी पुढे आणली. ती सैलपणे आत सरकायची. बार उडाला की बूड फुगून खाचांत घट्ट बसायचे. आकार चेंडूचा राहिला नाही, तरी सैनिक तिला ‘मिनी बॉल’च म्हणत राहिले. याच तत्त्वावरची 1853 ची एनफिल्ड रायफल हिंदुस्थानात आली. तिची काडतुसे दातांनी फोडावी लागत आणि त्यांच्यावरच्या चरबीने 1857 चा भडका पेटवला, हे आपण शाळेत शिकतो. त्या साऱ्यामागे गोळीने गोल आकार सोडल्याचा हा तांत्रिक इतिहास आहे, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

या रायफलीला नाव देणाऱ्या, एनफिल्ड गावातल्या शस्त्रकारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीने त्याचे नाव आपल्या सायकलींना आणि मोटारसायकलींना घेतले. 1930 च्या दशकात तिच्या एका गाडीचे नाव ‘बुलेट’ ठेवले गेले. 1964 मध्ये जपानमध्ये निमुळत्या नाकाची वेगवान गाडी धावली आणि जगभर ‘बुलेट ट्रेन’ हे नाव रुजले. आज इंग्रजीत एखाद्या वस्तूला बुलेटच्या आकाराची म्हटले तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे टोकदार वस्तू येते. ‘छोटा गोळा’ हा मूळ अर्थ पार उलटला आहे.

मराठीत बंदुकीतून सुटणारी ती गोळी आणि डॉक्टर देतात तीही गोळी. इंग्रजीत या दोन शब्दांची घराणी वेगळी आहेत. औषधाची ‘पिल’ लॅटिन ‘पिला’पासून आली. पिला म्हणजे खेळायचा चेंडू आणि त्याचे लहान रूप ‘पिलुला’. वैद्य खलात औषध घोटून, बोटांनी वळून गोळ्या करत. हे चित्र युरोपातही तसेच होते. 1843 मध्ये विल्यम ब्रॉकडन या इंग्रज गृहस्थाने भुकटी दाबून चपटी वडी करण्याचे पेटंट घेतले आणि हळूहळू वळलेली गोळी मागे पडली. आता औषधाची गोळी बहुधा चपटी असते. नाव दोन्ही भाषांनी बदलले नाही. ‘पिला’चे आणखी वंशज पाहा. छर्रा म्हणजे ‘पेलेट’ हा एक. दुसरा ‘प्लाटून’. फ्रेंचमध्ये ‘पेलोतों’ म्हणजे लहानसा गोळा, म्हणून घोळक्याने चालणारी सैनिकांची तुकडी. सायकलच्या शर्यतीत एकमेकांना चिकटून धावणाऱ्या मोठ्या घोळक्याला आजही हेच नाव आहे. औषधाची पिल आणि राखीव पोलिसांची प्लाटून ही सख्खी भावंडे आहेत, हे एरवी सुचणेही कठीण.

‘बॉल’ हा सर्वांत साधा शब्द इंग्रजीत उत्तरेकडून, नॉर्स लोकांच्या भाषेशी नाते सांगत आला. राजवाड्यातल्या नृत्यसमारंभाला ‘बॉल’ म्हणतात तो शब्द लॅटिनमधल्या नाचण्याच्या क्रियापदाचा, ‘बॅले’चा भाऊ, त्याचा चेंडूशी संबंध नाही. मात्र चेंडूचेच एक इटालियन भावंड इंग्रजीत आले आणि त्याने लोकशाहीत कायमची जागा पटकावली. त्याची जन्मभूमी व्हेनिस.

व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा प्रमुख, म्हणजे दोज, निवडताना कोणत्याही घराण्याला कारस्थान करता येऊ नये म्हणून 1268 मध्ये एक विलक्षण पद्धत ठरली. दरबारातला वयाने सर्वांत लहान सभासद संत मार्कच्या चर्चमध्ये प्रार्थना करून बाहेर येई आणि पहिला जो लहान मुलगा दिसेल त्याला हाताला धरून सभागृहात आणी. हा मुलगा पात्रातून छोटे गोळे काढून सभासदांना देई. गोळ्याला इटालियनमध्ये ‘बल्लोत्ता’, म्हणून मुलगा ‘बल्लोतिनो’. चिठ्ठ्या टाकल्यासारखे आधी 30 जण निघत. त्यांतून पुन्हा गोळ्यांनीच 9 उरत. हे 9 जण 40 जणांना निवडत. 40 चे गोळ्यांनी 12 होत. 12 जण 25 निवडत. 25 चे 9 होत. 9 जण 45 निवडत. 45 चे 11 होत. आणि हे 11 जण अखेरचे 41 निवडत. त्या 41 पैकी किमान 25 मते ज्याला पडतील तो दोज. नशीब आणि पारख यांची अशी एकाआड एक वीण घातली की कुणाला विकत घ्यायचे हेच कारस्थान्याला कळू नये. मत देण्याचे गोळे कापडाचे करत, कारण पेटीत पडताना आवाज झाला तर कोणत्या पेटीत पडला ते शेजाऱ्याला समजले असते. 1797 मध्ये नेपोलियनने प्रजासत्ताक बुडवले, तोपर्यंत ही पद्धत पाचशेहून अधिक वर्षे चालली. इतकी वर्षे टिकलेली निवडणूक पद्धत जगात क्वचितच सापडेल आणि तिचा आधार होता बोटांच्या चिमटीत मावणारा गोळा.

बल्लोत्ताचे इंग्रजीत ‘बॅलट’ झाले. 1656 मध्ये जेम्स हॅरिंग्टन यांनी ‘ओशियाना’ या ग्रंथात व्हेनिसच्या धर्तीवर गुप्त मतदानाचा पुरस्कार केला. 1659 मध्ये त्यांनी लंडनमधल्या एका कॉफीगृहात मंडळ चालवले. तिथे वाद झाले की पेटीत मत टाकून निकाल लावत. रोजनिशीकार सॅम्युएल पेपिसही तिथे जाऊन आले होते. मंडळाचे नाव ‘रोटा’, म्हणजे चाक, कारण सत्तेची पदे आळीपाळीने फिरली पाहिजेत असे हॅरिंग्टन यांचे मत होते. पुढच्या शतकात इंग्रजांच्या क्लबांत नवा सभासद घेताना पांढरे आणि काळे गोळे वापरू लागले. बऱ्याच क्लबांत एक काळा गोळा निघाला तरी माणूस बाहेर. ‘ब्लॅकबॉल’ करणे हे क्रियापद त्यातूनच आले.

ग्रीकांकडे ही परंपरा आणखी जुनी. अथेन्समधले पंच मत देण्यासाठी मुळात खडे वापरत आणि नंतर काशाच्या चकत्या. चकतीच्या मध्यावरचा दांडा पोकळ असेल तर मत फिर्यादीला, भरीव असेल तर आरोपीला. दोन्ही टोके बोटांत धरली की कोणती चकती आहे हे बाहेरच्याला दिसत नसे. खड्याला ग्रीकमध्ये ‘सेफोस’ म्हणत. निवडणुकांच्या रात्री वाहिन्यांवर बसणारे ‘सेफॉलॉजिस्ट’ आपले नाव त्या खड्यावरून घेतात.

गोळ्याऐवजी सरकारने छापलेली कागदी मतपत्रिका 1856 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींनी सुरू केली आणि 1872 मध्ये ब्रिटनने गुप्त मतदानाचा कायदा केला. वस्तू बदलली, नाव बॅलटच राहिले. आपल्या मतदानयंत्राचे दोन मुख्य भाग असतात. मतदार कळ दाबतो ते ‘बॅलट युनिट’ आणि अधिकाऱ्याकडे असते ते ‘कंट्रोल युनिट’. ‘कंट्रोल’मध्येही गोल दडला आहे. हिशेबाच्या गुंडाळीला फ्रेंचमध्ये ‘रोल’ म्हणत. ती पडताळण्यासाठी ठेवलेली दुसरी गुंडाळी म्हणजे ‘कॉन्त्र-रोल’. शाळेतला रोल नंबरही त्याच गुंडाळीवरचा. म्हणजे कागद आणि गोळा दोन्ही हद्दपार करणाऱ्या यंत्राच्या एका भागाचे नाव गोळ्यावरून आहे आणि दुसऱ्याचे कागदाच्या गुंडाळीवरून.

मण्याचा प्रवास याच्या अगदी उलट झाला. वरच्या शब्दांत वस्तूपासून कल्पना निघाली, ‘बीड’मध्ये कल्पनेपासून वस्तू. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ होता प्रार्थना. जर्मन भाषेत प्रार्थनेला अजूनही त्याच धातूवरचा शब्द आहे. प्रार्थना मोजण्यासाठी माळ ओढायची, म्हणून ‘प्रार्थना मोजणे’ आणि ‘मणी ओढणे’ एकच झाले. चौदाव्या शतकाच्या सुमारास प्रार्थनेचा शब्द मण्यावर जाऊन बसला आणि तिथेच राहिला. कॉव्हेंट्रीची लेडी गोडायव्हा 1067 च्या आसपास वारली. प्रार्थना मोजण्यासाठी ओवलेली आपली रत्नांची माळ तिने मठातल्या मेरीच्या मूर्तीला अर्पण केली, असे बाराव्या शतकातल्या विल्यम ऑफ माम्सबरी या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. लंडनमध्ये संत पॉलच्या चर्चजवळ अशा माळा करणाऱ्या कारागिरांची वस्ती होती. त्या पेटरनॉस्टर रो नावाच्या गल्लीत पुढे पुस्तकवाले आले आणि 1940 च्या डिसेंबरातल्या बॉम्बहल्ल्यात ती जळून गेली. पोर्तुगीजांनी मण्याला ‘कोंत’ म्हटले. त्यांच्या भाषेत त्याचा दुसरा अर्थ हिशेब. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी जी ‘तेर्स’ म्हणतात ते नावही हिशेबाचेच. पूर्ण माळेच्या 150 प्रार्थनांचा तिसरा हिस्सा म्हणजे पोर्तुगीज ‘तेर्सु’. 108 मण्यांची जपमाळ ओढणाऱ्या वारकऱ्याला यातले काहीच परके वाटणार नाही.

‘क्लू’ या शब्दाचे मला आजही नवल वाटते. जुन्या इंग्रजीत ‘क्ल्यू’ म्हणजे सुताचा गुंडा. ग्रीक कथेत क्रीट बेटावरच्या भुलभुलैयात अर्धा बैल अर्धा माणूस असा मिनोटॉर राहत असे. त्याला मारायला निघालेल्या थीसियसच्या हाती राजकन्या आरियाडनीने सुताचा गुंडा दिला. तो उलगडत आत जायचे आणि धागा धरून बाहेर यायचे. ही कथा इंग्रजीत वारंवार सांगितली गेली आणि सतराव्या शतकात ‘क्लू’चा अर्थ वाट दाखवणारी खूण असा झाला. त्यानंतर गुंडा विसरला गेला, फक्त खूण उरली. मराठीत गुन्ह्याच्या बातम्यांत पोलिसांच्या हाती ‘धागेदोरे’ लागतात. एका भाषेने सुताचा गुंडा ठेवला, दुसरीने त्यातून सुटलेला दोरा.

भरीव गोलाची तीन भारदस्त नावे म्हणजे स्फिअर, ग्लोब आणि ऑर्ब. ‘स्फिअर’ भूमितीचा शब्द म्हणून आपण त्याला वचकतो, पण ग्रीक ‘स्फायरा’ हा खेळातलाच चेंडू. होमरच्या ‘ओडिसी’त राजकन्या नॉसिकाआ मैत्रिणींबरोबर चेंडू खेळते, चेंडू पाण्यात पडतो, मुली ओरडतात आणि झोपलेला ओडिसियस जागा होतो, तिथे हाच शब्द आहे. ‘ग्लोब’ म्हणजे गोळा झालेले काहीही, लॅटिनमध्ये माणसांचा घोळकासुद्धा. नकाशाच्या गोलांपैकी आज टिकून असलेला सर्वांत जुना गोल मार्टिन बेहाइम यांनी न्युरेंबर्गमध्ये 1492 पर्यंत पुरा केला. तो सुमारे 51 सेंटिमीटर व्यासाचा आहे. कोलंबस अजून परतला नव्हता, म्हणून त्या पृथ्वीवर अमेरिका नाही. त्याला त्यांनी ‘एर्डआप्फेल’, म्हणजे पृथ्वीचे सफरचंद, असे नाव दिले होते. ‘ऑर्ब’ हा राजेशाहीचा आणि कवितेचा शब्द. 1661 मध्ये दुसऱ्या चार्ल्ससाठी घडवलेला सोन्याचा पोकळ ऑर्ब 6 मे 2023 रोजी तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकातही वापरला गेला. गंमत अशी की मूळ लॅटिन ‘ऑर्बिस’ म्हणजे चकती किंवा वर्तुळ, गोळा नव्हे. चाकाने जमिनीत पडलेल्या खाचेला ‘ऑर्बिता’ म्हणत, त्यावरून ग्रहांची ‘ऑर्बिट’. मराठीत चाकाच्या त्या खाचेला चाकोरी म्हणतात. इंग्रजीत अवाच्या सव्वा किमतीला ‘एक्झॉर्बिटंट’ म्हणतात. तो शब्द उकलला तर नेमका ‘चाकोरीबाहेरचा’ असाच निघतो.

चपट्या गोलांचे वर्णन थोडक्यात उरकता येईल. ग्रीक खेळाडू फेकत ती ‘डिस्क’ची थाळी, तिच्यापासून जेवणाची ‘डिश’, लिहिण्याचे ‘डेस्क’ आणि सभेतल्या पाहुण्यांचा ‘डायस’. चारही शब्द एकाच चकतीचे.

चाकाची गोष्ट मात्र आपल्या घरापर्यंत येते. संस्कृत ‘चक्र’, ग्रीक ‘कुक्लोस’ आणि इंग्रजी ‘व्हील’ ही एकाच प्राचीन शब्दाची तीन रूपे आहेत. कुक्लोसपासून ‘सायकल’ आणि चक्रापासून ‘चाक’, म्हणजे ‘सायकलचे चाक’ म्हणताना आपण एकच शब्द दोनदा उच्चारतो. लॅटिन ‘रोटा’ म्हणजे चाक हा आपल्या ‘रथा’चा भाऊबंद आणि त्याच्यापासूनच ‘राउंड’ झाला. हे नाते हजारो वर्षांपूर्वीचे. काही गोल वस्तू तर अगदी अलीकडे इथून गेल्या. इंग्रजीतला ‘बँगल’ ही आपली बांगडीच. संस्कृत ‘नारंग’ फारसी, अरबीतून युरोपात पोहोचला, वाटेत पहिले ‘न’ गळले आणि ‘ऑरेंज’ झाला. स्पॅनिशमध्ये तो ‘न’ अजून शाबूत आहे. फळ येण्यापूर्वी इंग्रजीत त्या रंगाला स्वतंत्र सुटसुटीत नाव नव्हते, म्हणून नारिंगी छातीच्या रॉबिन पक्ष्याला तांबड्या छातीचा म्हणण्याची रीत पडली आणि ती आजही चालू आहे.

गोल वस्तूंचे शब्द आजही मोजमापाच्या कामी येतात, याचे उत्तम उदाहरण गारांचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामानसेवेला स्वयंसेवक गारांचा आकार वस्तूंच्या नावाने कळवतात : मटारचा दाणा म्हणजे सुमारे 6 मिलिमीटर, गोल्फचा चेंडू म्हणजे सुमारे साडेचार सेंटिमीटर, बेसबॉल म्हणजे सात. काही कार्यालये ‘गोटीएवढी’ म्हणू नका असे बजावतात, कारण गोट्या लहानमोठ्या असतात, बेसबॉल तसा नसतो. 23 जुलै 2010 रोजी साउथ डकोटातल्या व्हिव्हियन गावात पडलेली गार 20 सेंटिमीटर व्यासाची आणि सुमारे 880 ग्रॅम वजनाची भरली.  विदर्भ-मराठवाड्यात अवकाळी गारपीट झाली की शेतकरी बोराएवढ्या, सुपारीएवढ्या, लिंबाएवढ्या गारा सांगतो. खेळाच्या मैदानाऐवजी शिवारातली फळे, पण मोजण्याची रीत तीच. क्रिकेटमध्ये शून्यावर बाद झाल्यास इंग्रजाला बदकाचे अंडे दिसले, आपल्याला भोपळा.

इंग्रजीची ही सारी माहिती उपलब्ध आहे, कारण त्या भाषेच्या कोशकारांनी प्रत्येक शब्द कुठून आला, कोणत्या साली कुठे वापरला गेला याची पिढ्यानपिढ्या नोंद ठेवली. मराठीत गोल वस्तूंचे शब्द कमी नाहीत. कणकेचा उंडा, डोक्यावरच्या हंड्याखालची चुंबळ, ज्वारीच्या राखणीचा गोफणगुंडा, गुळाची ढेप, कडबोळे, मुटका, वेटोळे हे चटकन आठवलेले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 ची. त्यानंतर खेड्यापाड्यांतल्या वस्तू वेगाने गेल्या आहेत आणि चुंबळ पाहिलेली मुले आता शहरांत सापडत नाहीत. वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की आपापल्या गावातले असे शब्द वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावेत. वस्तू कशाची, कुणी वापरायची, कोणत्या कामाला आणि नेमका उच्चार काय, एवढे चार तपशील सोबत असावेत. पुढच्या कोशकाराला तेवढे पुरतील.